हरणानं दिलेलं शिंग

आवाज आधी आला, माणूस नंतर. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ जशी बारीक, अडखळत सूर धरते, तसा तो आवाज होता. मी कुकरकडेच पाहिलं. गॅस तर बंद! पुन्हा तोच सूर, या वेळी जरा लांबलेला, आणि त्याच्यामागून डौराचा घुमारा. दारात डवरी गोसावी उभे होते. भगवा पटका, खांद्याला झोळी, कपाळाला भस्म. सुगी नुकतीच उरकली होती, खाचरांतून भाताचं तूस उडत होतं, आणि या दिवसांत ते येतातच. मुळशीतल्या कासार आंबोलीला राहायला आल्यापासून सहा वर्षं मी त्यांना पाहते आहे, दरवर्षी पसाभर तांदूळ घालते आहे. पण तो बारीक सूर कुठून येतो हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, याचं मला आज खरंच नवल वाटतं.

या वेळी विचारलं. "बाबा, ते काय वाजवलंत?"

त्यांनी गळ्यातला काळ्या लोकरीचा दोरा बाजूला घेतला. दोऱ्यात एक रुद्राक्ष, एक पांढरं कडं आणि त्यांच्याखाली लोंबणारी एक काळीभोर, करंगळीएवढी वस्तू. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला जराशी फुललेली, मधे तीन बारीक वलयं कोरलेली, आणि वर्षानुवर्षं छातीवर घासून इतकी तुकतुकीत की माझा चेहरा त्यात दिसेल असं वाटलं. "शिंगी," ते म्हणाले. "ही म्हशीच्या शिंगाची. माझ्या चुलत्यानं केलेली. आजाची होती ती हरणाच्या शिंगाची."

"ती कुठे आहे?"

"त्याच्याबरोबर गेली. समाधीत."

तिथेच, उंबऱ्यात, तांदळाचं ताट हातात धरून, मला काहीतरी झालं. बोटभर लांबीची वस्तू एका माणसाच्या गळ्यात जन्मभर राहते आणि मेल्यावर त्याच्याबरोबर मातीत जाते! नाथपंथी आपल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात हे मला ऐकून ठाऊक होतं. पण त्या बसलेल्या माणसाच्या छातीवर हरणाचं शिंग असेल, मातीखाली, अंधारात, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि ते अजून हललेलं नाही. गेले दोन महिने मी भेटेल त्याला शिंगीबद्दल सांगते आहे. आता तुम्हाला सांगते.

पहिल्यांदा ती होते कशी ते सांगते, कारण बाबांनी मला पायरीवर बसून सगळं सांगितलं. शिंगाचं टोक कापून घ्यायचं. टोकच का? तर खालचं शिंग पोकळ असतं, टोकाकडे ते भरीव होत जातं, आणि भरीव भागालाच हवं तसं भोक पाडता येतं. मग ते पाण्यात उकळायचं. उकळलं की शिंग मऊ पडतं, सुरी लागते. लोखंडी सळई तापवून आरपार भोक घ्यायचं. त्या वेळी जो वास सुटतो तो केस जळल्याचा. नंतर फुटक्या काचेच्या धारेनं खरवडत खरवडत आकार आणायचा, राखेनं घासायचं, तेल लावून हातात फिरवत राहायचं. "किती दिवस?" मी विचारलं. "वाजेपर्यंत," बाबा म्हणाले. भोक केसभर मोठं झालं तरी सूर जातो, मग ते शिंग वाया.

केस जळल्याचा वास! मी लगेच शोधायला लागले, आणि जे सापडलं त्यानं मी अक्षरशः उडाले. मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो. बैलाचंही शिंग, सांबराचंही शिंग. पण निसर्गात ही दोन साफ वेगळी द्रव्यं आहेत. गाय, म्हैस, बोकड, काळवीट यांचं शिंग म्हणजे मधे हाडाचा खुंट आणि त्यावर चढलेलं केराटिनचं कवच. केराटिन म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे बनतात ते. म्हणून तो वास. हे शिंग जन्मभर राहतं, गळत नाही. सांबराचं, चितळाचं शिंग मात्र हाडच असतं, भरीव हाड. ते मखमली कातडीखाली वाढतं, कातडी सुकून सोलून निघते, आणि हंगाम संपला की शिंग गळून पडतं. दरवर्षी नवं. म्हणजे काळविटाचं शिंग मिळतं ते काळवीट मेल्यावरच. सांबराचं मात्र जिवंत सांबर जंगलात टाकून जातं. शिंगी मुळात काळविटाची. तेव्हा तिच्यामागे एक मरण आहे, हे शरीरशास्त्रच सांगतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मला पुढे तिच्याकडेच यायचं आहे.

सांबराच्या शिंगाशी माझी लहानपणची ओळख आहे, आणि तीही आठवली. आजीच्या सहाणेजवळ मायफळ, वेखंड, हळकुंड यांच्या डब्यात एक करड्या रंगाचा, बोटाएवढा तुकडा असायचा. सांबरशिंग. छाती भरली, बरगडीत चमक आली की ते पाण्यात उगाळून लेप लावायची. आयुर्वेदातलं शृंगभस्मही हरणाच्या शिंगाचंच. त्या तुकड्याला मी लाकूड समजत होते! हाड होतं ते. ताम्हिणीच्या बाजूच्या रानात एखाद्या सांबरानं डोकं झाडाला घासून टाकून दिलेलं. आज ते रानात पडलेलं दिसलं तरी उचलता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गळून पडलेल्या शिंगालाही हात लावायला बंदी आहे, आणि मला ती बंदी योग्यच वाटते. शिंगाला किंमत आली की ते आपोआप गळण्याची वाट कुणी पाहत नाही.

पण शिंगीकडे परत येते. नाथ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव. ही परंपरा ज्ञानदेवांनीच १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सांगितली आहे. मढीला कानिफनाथ, सावरगावला मच्छिंद्रनाथ, पुण्याजवळ बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं ते देऊळ, जिथे एवढ्याशा चौकटीतून सरपटत आत जावं लागतं. आमच्या घरी सासूबाई श्रावणात नवनाथ भक्तिसाराचं पारायण करतात. धुंडीसुत मालूंनी शके १७४१ म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेला चाळीस अध्यायांचा तो ग्रंथ मी कितीदा कानांवरून जाऊ दिला आहे. शैली, शिंगी, कंथा, झोळी, मुद्रा: नाथाच्या वेषाची ही यादी मला पाठ होती, जशी आरती पाठ असते तशी. शब्द तोंडात आणि वस्तू दारात, पण दोघांची गाठ पडायला एक रिकामा कुकर लागला.

शैली म्हणजे तो लोकरीचा दोरा. तिला सेलीही म्हणतात. त्यातलं पांढरं कडं म्हणजे पवित्री. उत्तरेकडचे नाथ या सगळ्याला मिळून नाद-जनेऊ म्हणतात, आणि शिंगीला नुसतं 'नाद'. वस्तूचं नावच आवाज! सकाळ-संध्याकाळच्या पूजेत, गुरूसमोर वाकताना, 'आदेश' म्हणून नमन करण्याआधी आणि जेवणाचा पहिला घास घेण्याआधी ती फुंकायची. योगी ज्या अनाहत नादाचा शोध घेतो, म्हणजे दोन वस्तूंच्या आघाताशिवाय उमटणारा, आतला नाद, त्याची ही बाहेरची खूण. डौरावर टिपरी आपटते तेव्हा आघात होतो. शिंगीत फक्त श्वास जातो. एका हातात आघाताचं वाद्य, गळ्यात श्वासाचं. मी हे बाबांना जरा उत्साहानं सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "माई, डौर लोकांसाठी. शिंगी देवासाठी."

ही एवढी ओळ मी त्या रात्री वहीत लिहून ठेवली.

कानातल्या मुद्रांचीही अशीच कथा आहे. दर्शनी, म्हणजे पूर्ण दीक्षा घेतलेल्या, नाथाच्या कानाची पाळी नव्हे, मधली कूर्चा चिरून त्यात जाड कुंडल घालतात. ही कुंडलं काचेची, मातीची, धातूची असत, हस्तिदंताची आणि शिंगाचीही असत. गेंड्याच्या शिंगाच्या कुंडलांना फार मान. जी. डब्ल्यू. ब्रिग्ज यांचं गोरखनाथ आणि कानफाट्या योग्यांवरचं पुस्तक १९३८ साली निघालं, त्यात या वस्तूंची बारकाईनं नोंद आहे. जनावराचं शिंग माणसाच्या कानात, आणि जनावराचं शिंग माणसाच्या ओठांवर. ऐकायचंही शिंगातून आणि बोलायचंही शिंगातून! असं कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, मलाच ते तसं दिसलं, आणि दिसल्यावर मी खुर्चीतून उठून घरभर फिरले.

आणि आता ते मरण. उत्तर भारतात, राजस्थानपासून छत्तीसगडपर्यंत, राजा भरथरीची गाथा गातात. हा भरथरी म्हणजे आपल्या नवनाथांतला भर्तरीनाथ. आपल्याकडच्या कथेत तो आपल्या राणीच्या, पिंगलेच्या, चितेपाशी आक्रोश करतो आणि गोरक्ष त्याच्यासमोर आपलं भांडं फोडून तसाच आक्रोश करून त्याला भानावर आणतो. उत्तरेच्या गाथेत त्याआधी एक शिकार आहे. राजा काळविटाच्या मागे लागतो. हरणी आडव्या येतात, विनवतात, आमच्यातली कुणीही घे, पण आमचा हा एकच आहे, याला सोड. राजा सोडत नाही. बाण लागतो. आणि मरता मरता काळवीट राजाला शाप देत नाही! तो वाटणी करतो. माझे डोळे सुंदर स्त्रीला दे. पाय चोराला दे, त्याला पळता येईल. कातडं साधूला दे, तो त्यावर बसेल. आणि शिंगं जोग्याला दे, तो ती वाजवेल.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी एकटी होते, आणि मला रडू आलं. शिंगीचा जन्म शिकाऱ्याच्या हातून होतो, पण शिंग देतं हरीणच. स्वतःच्या तोंडानं, कुणाला द्यायचं ते सांगून. मग शिंगी वाजते तेव्हा कोण बोलतं? जोग्याचा श्वास आणि हरणाचं शिंग. एकट्या कुणाचाच आवाज नाही तो. बाबांचा आजा ती शिंगी घेऊन मातीत बसला, कारण दिलेली वस्तू दुसऱ्याला कशी द्यायची?

याच्याही मागे जाता येतं, आणि मी गेले. सोमयागात यजमानाला दीक्षा देतात तेव्हा त्याला काळविटाचं कातडं देतात आणि त्याच्या वस्त्राच्या टोकाला काळविटाचं एक शिंग बांधतात. कृष्णविषाणा. दीक्षा चालू असेपर्यंत त्यानं नखांनी अंग खाजवायचं नाही; खाज आलीच तर या शिंगानं. (नखं आणि शिंग एकाच द्रव्याची, हे आठवतं ना? त्या ऋषींनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती.) शतपथ ब्राह्मणात या शिंगाची जन्मकथा आहे. यज्ञ आणि वाणी एकत्र आले. यांच्यापासून कुणी महाबलाढ्य जन्मेल या भयानं इंद्र स्वतःच गर्भ होऊन वाणीच्या उदरात शिरला, जन्मला, आणि आपल्यासारखा दुसरा निपजू नये म्हणून त्यानं ते गर्भाशयच खुडून यज्ञाच्या माथ्यावर ठेवलं. काळवीट म्हणजे यज्ञ. त्याचं शिंग म्हणजे वाणीचं गर्भाशय. दीक्षित माणूस गर्भासारखा मुठी मिटून बसतो, आणि त्याच्या पदराला ते शिंग.

वाणीचं गर्भाशय! आणि शेकडो वर्षांनी कुणीतरी त्याच काळविटाच्या शिंगाला भोक पाडतं, आणि ते बोलू लागतं. नाथांनी हे ब्राह्मणग्रंथातून उचललं असं मी म्हणत नाही. पण काळविटाचं शिंग या भूमीत कधी मुकं नव्हतं, एवढं मला स्वच्छ दिसलं.

शिंगाचा असा विचार आपणच करतो का, हा प्रश्न मग सुटेना. उत्तर मला भलत्याच ठिकाणी मिळालं. रशियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागरात शिरलेलं यामाल नावाचं द्वीपकल्प आहे. तिथल्या नेनेत्स लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच 'भूमीचं टोक'. हे रेनडिअर पाळणारे लोक, पन्नास हजारांच्या आसपास, आणि त्यांतले कित्येक आजही कळपांबरोबर वर्षभर चालतात. कातड्यांचा शंकूसारखा तंबू, त्याला ते म्या म्हणतात, रशियन लोक चुम. झाड जवळजवळ नाही, धातू विकत आणावा लागतो, मग वस्तू करायच्या कशाच्या? रेनडिअरच्या शिंगाच्या आणि हाडाच्या. घसरगाडी ओढणाऱ्या रेनडिअरच्या साजातली बकलं, कड्या, पुढाऱ्या रेनडिअरच्या डोक्याच्या साजातल्या कोरीव पट्ट्या, चाकूच्या मुठी, म्यानावरची नक्षी. रेनडिअर हे हरणांतलं एकमेव जनावर, ज्याच्या मादीलाही शिंगं येतात. आणि ते हाडाचं शिंग आहे, सांबरासारखं, भरीव, कोरायला उत्तम. त्यांच्या नक्षीच्या आकृत्यांनाही जनावरांची नावं असतात: सशाचे कान, रेनडिअरच्या शिंगांच्या फांद्या. ओब नदीच्या काठी सालेखार्द शहरात उस्त-पोलुय नावाची जागा आहे. १९३० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाडाच्या आणि शिंगाच्या कोरीव वस्तूंचा खजिना निघाला, त्यात पक्ष्याच्या डोक्याची मूठ असलेले चमचे. तिथे ही कला नेनेत्सांच्याही आधीची आहे. सातवाहन इथे राज्य करत होते त्याच सुमाराला तिथे, गोठलेल्या नदीकाठी, कुणीतरी चमच्याला चोच कोरत बसलं होतं.

पण मला हलवलं ते कोरीव काम नव्हे. नेनेत्सांच्या तळावर एक घसरगाडी वेगळी ठेवलेली असते. तिच्यात देव असतात, लाकडाचे, कापडात गुंडाळलेले, आणि तळ हलला की ते कळपाबरोबर चालतात. पवित्र जागी बळी दिलेल्या रेनडिअरची शिंगं कवटीसकट रचतात. वर्षानुवर्षांच्या त्या राशी टुंड्रात दुरून दिसतात. माणूस मेला की त्याच्या थडग्यापाशीही त्याच्या रेनडिअरची शिंगं ठेवतात. तो पुढच्या वाटेला जाईल तेव्हा गाडी ओढायला कुणी हवं. शिंग म्हणजे जनावराचा अवशेष नाही तिथे. शिंग म्हणजे जनावरच, जरा वेगळ्या रूपात, अजून कामाला असलेलं.

समाधीत बसलेला बाबांचा आजा, आणि टुंड्रात शिंगांशेजारी ठेवलेला नेनेत्स. मधे निम्मा आशिया. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. मी नकाशा उघडून कासार आंबोलीवर एक बोट ठेवलं आणि यामालवर दुसरं, आणि बराच वेळ ती बोटं उचलली नाहीत. आपल्या धनगरांचं बिऱ्हाड घोड्यावर चालतं, नेनेत्सांचं रेनडिअरवर. जे लोक जनावरांबरोबर चालतात त्यांना जनावर आणि देव यांच्यामधली भिंत बांधायला सवडच मिळत नसावी.

नाथही चालणारेच. दर बारा वर्षांनी त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थानंतर नाथ जोग्यांची झुंडी निघते, पायी, पात्रदेवता म्हणजे पूजेचं पात्र घेऊन, महाराष्ट्रातून खाली थेट मंगळूरच्या कद्री मठापर्यंत. कित्येक महिने. मागची झुंडी २०१५ च्या सिंहस्थातली. येता सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, आणि मी आतापासून ठरवलं आहे की ती वाटेत जिथे मुक्कामाला असेल तिथे मी जाणार. शेकडो शिंग्या एकदम वाजताना कसं ऐकू येत असेल? माझ्या अंगावर आत्ताच काटा येतोय.

आमच्या गावाच्या नावात कासार आहेत. हे नाव कसं पडलं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण शिंगाच्या नादानं मला कासारांचंही काम नव्यानं दिसायला लागलं. मिरवणुकीत वाजतं ते शिंग बघा. अर्धचंद्रासारखं वाकडं, तांब्याचं नाहीतर पितळेचं, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेलं. धातूची नळी सरळ ठेवणं किती सोपं! तरी ती वाकवली, कारण जनावराचं शिंग वाकडं असतं. नावही तेच ठेवलं. द्रव्य बदललं आणि आकारानं जनावर जपून ठेवलं. रणशिंग फुंकणं हा वाक्प्रचार आपण निवडणुकीच्या बातम्यांत इतका झिजवला आहे की त्यात एका जनावराचं डोकं आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. आणि पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून टोकांना पितळी शेंब्या घालतात, तेव्हा जिवंत शिंगावर धातू चढतो. आमच्या वाडीत आता दोनच बैलजोड्या उरल्या आहेत. यंदा मी शेंब्या घालताना जवळ उभी राहिले. बैलाला शिंगाच्या टोकाशी काही कळत नाही म्हणतात, पण मुळाशी हात लावला तेव्हा ते ऊन होतं. जिवंत शिंग ऊन असतं! मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

एक गोष्ट लिहायची राहू नये. डवरी गोसावी भटक्या जमातींत मोडतात, आणि झोळी घेऊन अनोळखी गावात शिरणं ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट राहिलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले. मी बाबांना विचारलं नाही. त्यांनीच विषय काढला. आता कुठल्याही गावात शिरताना आधी लांबून शिंगी वाजवतो, म्हणाले, म्हणजे लोकांना कळावं कोण आलंय. पण कळतं कुणाला? मला सहा वर्षं कळलं नव्हतं. नव्या सोसायट्यांच्या फाटकावरचा रखवालदार त्यांना आत सोडत नाही, आणि आतल्या लोकांना तो सूर ऐकू गेला तरी त्यांनाही कुकरच आठवणार. ज्या आवाजानं ओळख पटायची, तो आवाजच ओळखू येईनासा झाला आहे. मुळशीत गावोगाव भैरवनाथाचं देऊळ आहे, आणि त्या नाथाचं नाव घेत येणाऱ्याला आपण फाटकात थांबवतो. मला याचं फार वाईट वाटतं, आणि माझ्या स्वतःच्या सहा वर्षांचंही.

काळविटाची शिंगी आता होत नाही, होऊही नये. नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखलं, जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं. मी डिसेंबरात तिथे जाऊन आले, केवळ ती शिंगं जिवंत डोक्यावर पाहायला. कोवळ्या उन्हात एक नर उभा होता, पाठ काळी, पोट पांढरं, आणि डोक्यावर ती दोन पीळदार मळसूत्रं, हात-दीड हात उंच. त्यानं मान वळवली आणि ती शिंगं आकाशावर फिरली. या टोकातून सूर निघतो! मी मोठ्यानं म्हणाले बहुतेक, कारण शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. पुढच्या क्षणी सगळा कळप उधळला, हवेत उड्या घेत, जमीन तापलेली असल्यासारखा. मला वाटलं, गाथेतल्या त्या हरणी हव्या होत्या इथे हे बघायला.

आता शिंगी म्हशीच्या शिंगाची होते, शिसवीची होते. लाकडाची असली तरी तिला शिंगीच म्हणतात, आणि मला त्यात काही खोटं वाटत नाही. भरथरीच्या काळविटानं शिंग दिलं ते वाजण्यासाठी. वाजणं चालू आहे. उलट हरीण न मरता वाजतंय, हे त्या दात्याला जास्तच आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

परवा बाबा पुन्हा आले, या वेळी त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू बरोबर. दुपार झाली होती. मी म्हटलं, आज तांदूळ नको, जेवूनच जा. आंबेमोहोर भात, वाटाण्याची उसळ, भाकरी. ओसरीवर पानं मांडली. मी वाढून बाजूला झाले. पोरानं भाकरीचा तुकडा मोडला, आणि बाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पोरानं तुकडा ठेवला. सदऱ्याच्या आत हात घालून त्यानंही एक शिंगी काढली, नवी कोरी, शिसवीची, अजून चकाकी न आलेली. ओठांना लावली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदाही. रस्त्यावरून पिरंगुटकडे कंपनीची बस गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो थांबला, मग डोळे मिटून त्यानं पुन्हा फुंकलं. बारीक, अडखळत, पण आला. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "अगं, गॅस बघ."

मी गॅस बघायला गेले नाही. पोरानं घास घेतला होता.